आभासी जगातील खरे फुलपात्र

गेल्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी स्वतःच्या मालकीचा आभासी वास्तवाचा हेडसेट घेऊन आला होता. विहाराशेजारच्या सभागृहात मुलांची रांग दुपारपर्यंत हटली नाही. मुलांचे आटोपल्यावर शिक्षकांनाही आग्रह झाला. आम्ही इतिहासाचे शिक्षक; यंत्रांशी आमचे नाते बेताचेच. तरीही ते डोळ्यांवर चढवले, आणि क्षणात सभागृह नाहीसे होऊन आम्ही समुद्राच्या तळाशी उभे राहिलो. आमचे दोन्ही हात आम्हाला निळसर, अर्धपारदर्शक दिसत होते. बोट हलवले की ते बोटही हले. एक भला मोठा मासा अंगावर आला. त्याला चुकवण्यासाठी हात बाजूला गेला आणि टेबलावरचे पाण्याने भरलेले स्टीलचे फुलपात्र प्रदर्शनाच्या अभिप्राय वहीवर उलटले.

मुले हसली, आम्हीही हसलो. परंतु वही उन्हात वाळत घालताना सातवीतील एका मुलीने विचारले, "सर, यंत्राला तुमचा हात दिसत होता, मग फुलपात्र का नाही दिसलं?"

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ त्या दिवशी नव्हते. नंतर वाचन केले, त्या माजी विद्यार्थ्याला वारंवार त्रास दिला, आणि जे उमगले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत. यामागे आणखी एक कारण आहे. माजी विद्यार्थ्यांच्या समितीपुढे असे हेडसेट शाळेसाठी विकत घेण्याचा प्रस्ताव आला आहे. ज्यांच्या घामाच्या पैशातून ते येतील त्यांना, आणि ज्यांची मुले ते डोळ्यांवर चढवतील त्या पालकांना, हे यंत्र काय पाहते आणि काय पाहत नाही हे ठाऊक असले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

यंत्रापुढचा पहिला प्रश्न वस्तूंचा नसतो, स्वतःचा असतो: मी कुठे आहे? आपण मान डावीकडे वळवली की समोरचे दृश्य तितकेच उजवीकडे सरकले पाहिजे. हे अचूक आणि तत्काळ घडले नाही, तर डोळे एक सांगतात, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरे सांगते, आणि माणसाला घाटातल्या एस.टी.त लागते तशी मळमळ लागते. मान हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा विलंब सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा या क्षेत्रातील सर्वसाधारण दंडक आहे. डोळ्याची पापणी लवण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये आपला डोक्यावर चढवायचा पडदा जगापुढे मांडला, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न सोडवावा लागला. त्यांचा एक उपाय सरळ, यांत्रिक होता. छतापासून लोंबणारा सांध्यांचा दांडा डोक्यावरील यंत्राला जोडलेला. डोके जसे हलेल तसे दांड्याचे सांधे वळत आणि त्या कोनांवरून संगणक डोक्याची जागा काढी. डोक्यावर टांगलेल्या त्या ओझ्याला 'डॅमोक्लिसची तलवार' हे टोपणनाव चिकटले. त्यात दिसे ते केवळ रेषांनी काढलेले चौकट-चित्र. मात्र एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते: त्या यंत्राच्या अर्धपारदर्शक आरशांमधून समोरची खरी खोलीही दिसत असे. खऱ्या जगाकडे पूर्ण पाठ फिरवणारे, डोळे बंदिस्त करणारे हेडसेट नंतर बहरले, आणि मग त्या बंदिस्त डोळ्यांना बाहेरचे जग पुन्हा दाखवण्याची धडपड सुरू झाली.

आजच्या हेडसेटमध्ये छताचा दांडा नसतो. त्याऐवजी नखाएवढ्या चकत्यांमध्ये दोन मापक असतात. एक वळण्याचा वेग मोजतो, त्याला जायरोस्कोप म्हणतात. दुसरा वेगातील बदल मोजतो, तो अ‍ॅक्सेलरोमीटर. आपल्या मोबाईलमध्येही हेच असतात. त्यांच्या नोंदी सेकंदाला शेकडो वेळा होतात, म्हणून ते अतिशय चपळ. पण त्यांच्यात एक जन्मजात खोट आहे, आणि ती समजावून सांगण्यासाठी आम्ही वाचकांना थोडे इतिहासात नेणार आहोत. सवयीला इलाज नाही.

कुमाऊँतील मिलम गावचे नैनसिंह रावत हे पेशाने शाळामास्तर होते. म्हणूनच त्यांना 'पंडित' म्हणत. ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने त्यांना देहरादूनला शिकवून तयार केले आणि वेषांतर करून तिबेटात पाठवले. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोहोचले. त्यांच्या हातात जपमाळ होती. मात्र तिच्यात १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी पुढे सरकवायचा, म्हणजे एक माळ पुरी झाली की दहा हजार पावले. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडवलेले. श्रद्धेचे साधन साम्राज्याच्या टेहळणीला जुंपले गेले, हे इतिहासाचा शिक्षक म्हणून नोंदवणे भाग आहे. पण त्या मास्तरांच्या चिकाटीपुढे मान लवते, हेही खरे.

केवळ पावले मोजून माणूस कुठे आहे हे कळते काय? काही काळ कळते. पण चढावर पाऊल आखूड पडते, बर्फात घसरते, आणि प्रत्येक पावलाची बारीक चूक मागच्या चुकीत मिळत जाते. म्हणून नैनसिंह रात्री लपवलेले सेक्स्टंट काढून ताऱ्यांचे उन्नतांश मोजत आणि अक्षांश निश्चित करीत. पावलांनी वाट सांगायची आणि ताऱ्यांनी पावलांची चूक दुरुस्त करायची.

हेडसेटमधील मापक हे त्या पावलांसारखे आहेत. किंबहुना त्यांची अवस्था अधिक बिकट आहे. वेगातील बदलावरून वेग काढायचा आणि वेगावरून अंतर, अशी दोनदा बेरीज करावी लागते. त्यामुळे चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात फुगते. समजा, मापकाची चूक दर सेकंदास, सेकंदाला केवळ १ सेंटिमीटर एवढी आहे. दहा सेकंदांत ती अर्ध्या मीटरची होईल आणि एका मिनिटात १८ मीटरची. समुद्राच्या तळाशी उभा असलेला शिक्षक मिनिटाभरात शाळेच्या फाटकाबाहेर! म्हणून या यंत्रालाही तारे लागतात.

ते तारे पुरवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत तारे खोलीत टांगतात. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटसाठी व्हॉल्व्ह कंपनीने केलेली योजना आम्हाला फार आवडली. खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत उंचावर दोन पेट्या बसवायच्या. प्रत्येक पेटी आधी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश एकदा लखकन फेकते, आणि पाठोपाठ तिच्यातील फिरत्या भागावरून लेझरची पट्टी दीपगृहाच्या झोतासारखी सगळ्या खोलीवरून फिरते. एकदा आडवी, एकदा उभी. फिरता भाग सेकंदाला ६० फेरे घेतो. हेडसेटवर ३२ प्रकाशसंवेदी ठिपके आहेत. लखलखाट झाला की ठिपका घड्याळ सुरू करतो आणि लेझरची पट्टी अंगावरून गेली की थांबवतो. एका अंशाला सुमारे ४६ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे वेळ मोजला की कोन हाती आला. पुष्कळ ठिपक्यांचे कोन मिळाले, आणि ठिपक्यांमधील अंतरे आधीच ठाऊक असली, की हेडसेट कुठे आहे आणि कुठल्या दिशेला कलला आहे हे गणिताने निघते. १८०२ मध्ये लॅम्बटन यांनी मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या कोनांच्या गणिताने उपखंडाच्या मोजणीला आरंभ केला, त्याच कुळातले हे गणित होय. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, या पेट्यांना स्वतःला काहीही दिसत नाही. त्या केवळ उजेड फेकतात. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

दुसरी रीत २०१९ च्या ऑक्युलस क्वेस्टपासून घरोघरी पोहोचली. येथे भिंतीवर काहीच बसवावे लागत नाही. हेडसेटच्याच अंगावर कॅमेरे असतात, क्वेस्टवर ते चार होते. कॅमेरे खोलीतील ठळक खुणा शोधतात: खिडकीचा कोपरा, कॅलेंडरची कड, फळ्यावरची भेग. आपण हललो की या खुणा वेगवेगळ्या प्रमाणात सरकतात. जवळच्या अधिक, दूरच्या कमी. एस.टी.च्या खिडकीतून जवळची बाभूळ झरकन मागे जाते आणि दूरचा डोंगर सोबत चालतो, तसेच. त्यावरून यंत्र एकाच वेळी खोलीचा नकाशाही आखते आणि त्या नकाशात स्वतःची जागाही ठरवते. कोऱ्या, चुना लावलेल्या भिंतींच्या खोलीत ते गोंधळते, कारण धरून ठेवायला खूणच नाही. अंधारात गोंधळते. मोठा आरसा असला तर आरशातली खोली खरी मानू शकते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. नकाशात खिडकीचा कोपरा असतो, पण ती खिडकी आहे हे यंत्राला ठाऊक नसते. त्याच्यालेखी ते नुसते स्थिर बिंदू. फुलपात्रावरचेही दोन-चार बिंदू कदाचित नकाशात आले असतील. परंतु 'ही एक वेगळी वस्तू आहे, उचलता येते, हलते, सांडते' हे ज्ञान बिंदूंमध्ये नसते. उलट जे बिंदू हलतात त्यांना नकाशा बिघडवणारे म्हणून यंत्र टाकूनच देते. हाताचे तसे नाही. हात कसा असतो, सांधे कुठे वाकतात, हे असंख्य चित्रे दाखवून यंत्राला आधी शिकवलेले आहे. जे शिकवले ते दिसते. जे शिकवले नाही ते समोर असूनही दिसत नाही.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यापारी संगणक-प्रणालींची जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू यांनी केलेली तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. तो अभ्यास चेहऱ्यांचा होता, हातांचा नव्हे. पण शिकवून तयार केलेल्या कुठल्याही यंत्राला 'तुला कुणाचे नमुने दाखवले होते?' असे विचारण्याचा हक्क त्यातून आपल्याला मिळतो. खरेदीपूर्वी आपल्याच मुलामुलींच्या हातांवर, मेंदी काढलेल्या हातांवरसुद्धा, यंत्र तपासून घ्यावे, एवढीच आमची सूचना.

मग खऱ्या वस्तूला आभासी जगात आणायचे कसे? सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे वस्तूच्या अंगावरच मापक बांधणे. व्हाइव्हसाठी २०१७ मध्ये अशी एक चकती निघाली. तिच्यावर तेच प्रकाशसंवेदी ठिपके, आणि खाली कॅमेऱ्याच्या तिपाईला चालतो तोच स्क्रू. ती बॅटला लावा, काठीला लावा; चकती जिथे जाईल तिथे आभासी वस्तू जाईल. ऑस्ट्रेलियात डीकिन विद्यापीठातून निघालेल्या फ्लेम या प्रणालीत अग्निशामक जवान खरी पाण्याची नळी हाती धरून आभासी आगीशी झुंजतात. नळीचा झटका हाताला खरोखरच बसतो. चकतीची अडचण उघड आहे. ती महाग, तिला वजन आहे, चार्जिंग लागते, आणि प्रत्येक वस्तूला वेगळी लागते. फुलपात्राला ती बांधली तर पाणी प्यावे कसे?

दुसरा मार्ग स्वस्त आहे. काळ्या चौकटीत पांढऱ्या-काळ्या चौकोनांची नक्षी कागदावर छापून वस्तूवर चिकटवायची. हिरोकाझू काटो यांनी मार्क बिलिंगहर्स्ट यांच्यासमवेत १९९९ मध्ये या रीतीचे एआरटूलकिट हे साधन पुढे आणले. आज तिचे अनेक प्रकार विनामूल्य मिळतात. चौकोनाची खरी बाजू किती सेंटिमीटर हे ठाऊक असले, की कॅमेऱ्यात तो लहान दिसतो की मोठा यावरून अंतर, आणि चौकोनाचा पतंग झाला की कसे यावरून कल समजतो. आतील नक्षी सांगते की ही कोणती वस्तू. खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा. पण हाताने नक्षी झाकली की वस्तू गायब.

तिसरा मार्ग, वस्तूचा आकारच यंत्राला शिकवण्याचा. २०२१ मध्ये क्वेस्ट २ हा हेडसेट लॉजिटेकचा एक विशिष्ट कीबोर्ड ओळखून आभासी मेजावर जागच्या जागी दाखवू लागला. एक विशिष्ट कीबोर्ड! शेजारचा दुसऱ्या बनावटीचा नव्हे. यावरून या कामाची अवघड बाजू ध्यानात यावी. आणि आमचे फुलपात्र तर या मार्गातील कठीणातले कठीण प्रकरण ठरते. ते गोल, म्हणून कुठूनही सारखेच दिसते; पाणी पिणाऱ्याला त्याने फरक पडत नाही म्हणा. खरी आपत्ती त्याच्या चकाकीची. स्टीलच्या अंगावर स्वतःचे असे चित्रच नसते. खिडकी, दिवा, पाहणाऱ्याचा चेहरा, सगळे त्यात उमटते आणि आपण हललो की तेही सरकते. काचेचा पेला याहून वाईट.

शिवाय बरीच वर्षे अशा हेडसेटवरील कॅमेऱ्यांचे थेट चित्र बाहेरच्या प्रोग्रॅमरांना मिळतच नसे. मेटा कंपनीने आपल्या हेडसेटवर ही वाट २०२५ मध्ये खुली केली. तोवर हौशी मंडळी वेगळा कॅमेरा लावून काम भागवीत. त्यात आणखी एक गाठ पडते. वेगळा कॅमेरा वस्तूची जागा स्वतःपासून मोजतो, हेडसेट स्वतःच्या नकाशातून मोजतो. एका मोजणीदाराने नाल्यापासून हद्द मोजली आणि दुसऱ्याने वडापासून, तर दोघांचे आकडे बरोबर असूनही बांधावरून तंटा व्हायचा तो होतोच. दोघांना मान्य असा एक दगड आधी रोवावा लागतो. येथेही प्रारंभी एकच वस्तू दोघांना दाखवून दोन्ही मोजण्या जुळवून घ्याव्या लागतात. पुढे हेडसेटचा नकाशा थोडा सरकला, तर पुन्हा.

इतका खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. चित्र दिसते आहे, तेवढे पुरे नाही काय? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील प्रयोगशाळेत आभासी खोलीच्या मधोमध एक खोल खड्डा दाखवीत आणि माणसाला त्याच्या काठावर उभे करीत. नंतर ब्रेंट इन्स्को यांनी खऱ्या जमिनीवर केवळ दीड इंच जाडीची लाकडी फळी ठेवली, आभासी काठाशी तंतोतंत जुळवून. पायाच्या बोटांना दीड इंचाची कड लागली आणि लोकांच्या हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा स्पष्टपणे अधिक वाढले. डोळ्यांनी सांगितलेल्या गोष्टीवर दीड इंच लाकडाने शिक्कामोर्तब केले.

याची दुसरी बाजूही आहे. डोळा स्पर्शाला फसवूही शकतो. २०१६ मध्ये मांडल्या गेलेल्या एका प्रयोगात मेजावर खरा ठोकळा एकच होता, आभासी तीन. माणूस ज्या ठोकळ्याकडे हात नेई, त्यानुसार त्याला दिसणारा हात यंत्र हळूच बाजूला सरकवी. माणूस नकळत दिशा दुरुस्त करी आणि प्रत्येक वेळी त्याच एका खऱ्या ठोकळ्यावर त्याचा हात पडे. त्याला वाटे, तिन्ही ठोकळे आहेत.

आम्हाला सर्वांत मोलाचे उदाहरण वाटते ते १९९४ चे, व्हर्जिनिया विद्यापीठातील केन हिंक्ली आणि सहकाऱ्यांचे. त्यात हेडसेटही नव्हता, साधा पडदाच होता. मेंदूच्या शल्यविशारदाच्या एका हातात बाहुलीचे डोके दिले आणि दुसऱ्या हातात एक पट्टी. दोहोंत चुंबकीय मापक. डॉक्टर बाहुलीचे डोके फिरवी तसा पडद्यावर रुग्णाचा मेंदू फिरे. पट्टी जिथे धरी तिथला छेद दिसे. पुस्तिका नाही. हाताला जे आधीच कळत होते त्याचाच उपयोग. स्पर्श हा शब्द आपल्या समाजापुढे हलक्या अर्थाने वापरता येत नाही; तो कुणाला नाकारला गेला हे आपण जाणतो. म्हणून ज्ञान हाताला लागले पाहिजे, नुसते लांबून दाखवले जाऊ नये, या आग्रहाला आम्ही तंत्राचा तपशील समजत नाही. आपल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक थोडे आणि मुले पुष्कळ. तेथे हेडसेट आणून 'प्रयोगशाळा झाली' असे कुणी म्हणाले तर आमचा विरोध राहील. खरे चंचुपात्र, खरी परीक्षानळी मुलाच्या हातात राहणार असेल आणि हेडसेट त्याला आतले रेणू दाखवणार असेल, तर स्वागत.

सुरक्षिततेविषयी थोडक्यात. बहुतेक हेडसेटमध्ये जमिनीवर हद्द आखून घेण्याची सोय असते. हद्दीजवळ गेले की जाळी दिसते. पण हद्द आखल्यावर कुणी आत खुर्ची सरकवली किंवा धाकटे भावंड धावत आले, तर जाळी ते सांगेलच असे नाही. अलीकडच्या यंत्रांत, उदाहरणार्थ २०२३ च्या क्वेस्ट ३ किंवा २०२४ च्या अ‍ॅपल व्हिजन प्रोमध्ये, बाहेरची खोली कॅमेऱ्यांमधून रंगीत दिसते. त्याने पुष्कळ फरक पडतो. तरीही एक मूल हेडसेटमध्ये असताना दुसरे माणूस शेजारी उभे असावे, हा नियम आम्ही कागदावर लिहून ठेवू.

आणि आता त्या पेट्यांचा मुद्दा. पेट्या आंधळ्या होत्या. कॅमेरे आंधळे नाहीत. ज्या यंत्राला फुलपात्र दिसावे असे आपण म्हणतो, त्याला फुलपात्राशेजारची औषधाची चिठ्ठी, भिंतीवरचे छायाचित्र, खाटेवर झोपलेले मूल, हेही दिसणार. एखादी कंपनी त्यातले काय यंत्रातच ठेवते आणि काय बाहेर नेते, हे तिच्या अटी वाचून, आणि त्या बदलल्या की पुन्हा वाचून, समजून घ्यावे लागेल. वसतिगृहाच्या खोल्यांमध्ये हे यंत्र जाता कामा नये. ते सभागृहात किंवा प्रयोगशाळेतच वापरावे, असे आमचे स्पष्ट मत समितीला लेखी कळवले आहे. लहान वर्गांनाही ते देऊ नये.

या डिसेंबरात तो माजी विद्यार्थी पुन्हा आला. त्याने सुतारशाळेतून लाकडी ठोकळा मागवला, त्याच्या सहाही बाजूंवर छापील नक्षी चिकटवली आणि मेजावर एका दांड्याला लॅपटॉपचा साधा कॅमेरा टांगला. जुळवणी करण्यात त्याची अख्खी सकाळ गेली. मग आता आठवीत गेलेल्या त्या मुलीला बोलावले. आभासी मेजावर तिला ठोकळ्याच्या जागी निळी पेटी दिसत होती. तिने हात पुढे केला, पहिल्याच खेपेस पेटी बरोबर धरली आणि उचलली. चित्र हातामागून किंचित रेंगाळत येत होते. ते तिने लगेच सांगितले. मग तिने ठोकळा दोन्ही तळव्यांत घट्ट मिटला. कॅमेऱ्याला एकही नक्षी दिसेना आणि निळी पेटी नाहीशी झाली.

"सर, पेटी गेली," ती म्हणाली, "पण ठोकळा माझ्या हातातच आहे." आणि हेडसेट न काढता तिने तो आम्हाला देण्यासाठी हात पुढे केला, आमच्यापासून दोन हात डावीकडे.